फिजिओथेरपीची वही आणि घरची माणसे

मुलुंड स्टेशनाच्या पूर्वेस उतरून आतल्या गल्ल्यांत शिरले, की हल्ली एक पाटी हटकून दृष्टीस पडते. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, दाराशी पादत्राणांची फळी, काचेवर पाठीच्या कण्याचे चित्र, आणि त्याखाली ‘फिजिओथेरपी क्लिनिक, सकाळी ८ ते १२, सायंकाळी ५ ते ९’ अशी अक्षरे. घाटकोपर, अंधेरी, बोरिवली येथेही हाच देखावा. आमच्या लहानपणी हाडवैद्य, तेल लावणारी बाई आणि फार झाले तर परळच्या मोठ्या इस्पितळातील व्यायामाची खोली, एवढेच मार्ग लोकांस ठाऊक होते. आज मात्र गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेले आजोबा, संगणकापुढे मान वाकवून बसणारा नातू आणि खांदा धरलेल्या काकू अशी एकाच घरची तीन माणसे एकाच बाकावर बसलेली आढळली, तरी कोणास नवल वाटत नाही.

ह्या पाटीमागे, निदान आमच्या पाहण्यात तरी, बहुधा एखादी तरुण स्त्री असते. तिने साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केलेला असतो व त्यातील शेवटचे सहा महिने प्रत्यक्ष रुग्णसेवेत घालविलेले असतात. जागेची अनामत रक्कम पुष्कळदा आईबापांच्या किंवा सासऱ्यांच्या शिलकीतून भरलेली असते. एवढे करून दार उघडल्यावर तिच्यापुढे रोज सकाळी एकच प्रश्न उभा राहतो : आज वहीत जितकी नावे आहेत, त्यांपैकी किती माणसे खरोखर येतील?

हा प्रश्न तिचा एकटीचा आहे, त्याचा आपल्याशी काय संबंध, असे आम्हांसही दोन वर्षांपूर्वीपर्यंत वाटत होते. नंतर आमच्याच घरात जे घडले त्यावरून आमचे मत पालटले. ती हकीकत आमच्या पदरी भूषण घालणारी नाही. तरी ती सांगितल्यावाचून पुढचे नीट कळणार नाही.

आषाढी एकादशीच्या दोन दिवसांनी आमच्या मातोश्री जिन्यात घसरल्या. आमचे बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर, इमारत जुनी, लिफ्ट नाही. पावसाळ्यात पायऱ्यांवर छत्र्यांचे पाणी निथळत असते. उजवे मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर झाले. ते काढताना डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली, की फिजिओथेरपीची दहा सिटिंगे घ्यावीत. शेजारच्याच गल्लीत एका बाईंचे क्लिनिक होते. तेथे चार सिटिंगे झाली. पाचव्या वेळेस घरी गौरी-गणपतींची गडबड. वहिनींना मोदकांच्या पिठापासून पाहुण्यांच्या अंथरुणापर्यंत सर्व पाहावयाचे, मग मातोश्रींना खाली कोण नेणार? क्लिनिकमधून फोन आला, तो दादांच्या मोबाईलवर. दादा त्या वेळी लोकलच्या गर्दीत. पुढे पितृपक्ष, पुढे नवरात्र. दुखणे तर पुष्कळ कमी झाले होते. तेव्हा सिटिंगे राहिली ती राहिलीच. दिवाळीत मातोश्री नेहमीप्रमाणे चकल्या पाडावयास बसल्या आणि सोऱ्या त्यांच्याने पिळवेना. मूठच मिटत नव्हती. त्या काही बोलल्या नाहीत. सोऱ्या वहिनींच्या हाती देऊन उठून गेल्या.

त्यानंतर आम्ही पुन्हा त्या बाईंकडे गेलो. प्लास्टर निघाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत जे काम दहा-बारा खेपांत व्हावयाचे, त्यास आता चैत्र उजाडेपर्यंत वेळ लागला. आणि बाई रागावल्या नाहीत हे विशेष. बोलता बोलता त्यांनी आपली वही आम्हांस दाखविली. रुग्णांची नावे हाताने झाकून ठेवून केवळ रकाने दाखविले. हल्ली हे सर्व मोबाईलवरही करता येते, पण बाई अजून शिसपेन्सिलीने वही लिहितात. पानोपान खोडलेल्या ओळी होत्या. त्यांतल्या सहा ओळी आमच्या घरच्या होत्या.

आता ह्या खोडलेल्या ओळीचा अर्थ काय, ते पाहू. वाण्याची साखर आज खपली नाही तर उद्या खपते. भाजीवालीची मेथी संध्याकाळी निम्म्या भावाने तरी उठते. परंतु साडेपाच ते सहा हा अर्धा तास रिकामा गेला, तर तो कोठल्याही भावाने पुन्हा विकता येत नाही. समजा, दिवसाकाठी सोळा वेळा आहेत व त्यांपैकी तीन रोज न कळविता वाया जातात. महिन्याच्या पंचवीस दिवसांत चारशेपैकी पंचाहत्तर वेळा गेल्या. म्हणजे पाचव्या हिश्शाच्या जवळपास. जागेचे भाडे, विजेचे बिल, दाराशी बसणाऱ्या मुलीचा पगार, ह्यांतला एक पैसाही त्यामुळे कमी होत नाही. जे राहावयाचे ते ह्या शेवटच्या पाचव्या हिश्शातच राहावयाचे असते. शिवाय त्याच साडेपाचच्या वेळेसाठी दुसऱ्या कोणास आठ दिवस थांबावयास सांगितलेले असते, ही गोष्ट न येणाऱ्याच्या ध्यानीही नसते.

ह्या विद्येचा आपल्या शहरातील उगम पाहिला, तर नेमाने येण्याचे महत्त्व आरंभापासूनच किती होते ते दिसते. चाळिसाव्या व पन्नासाव्या दशकांत मुंबईत पोलिओने पुष्कळ मुले पांगळी झाली. फातिमा इस्माईल ह्यांच्या लहान मुलीस हा आजार झाला. तिच्यासाठी उपाय शोधता शोधता त्या मातेने १९४७ मध्ये इतर मुलांसाठीही काम उभे केले, आणि हाजी अली येथील मुलांचे अस्थिरोग रुग्णालय त्याच कार्यातून वाढले. पुढे मुंबई महानगरपालिका, सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना ह्यांच्या सहकार्याने परळच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५२-५३ च्या सुमारास फिजिओथेरपीची शाळा निघाली. देशातील ह्या विषयाची ती पहिली शाळा होय. १९५५ मध्ये ह्या व्यावसायिकांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. त्या काळच्या माता मुलांस कडेवर घेऊन दूरदूरून महिनोन् महिने येत, कारण एक दिवस चुकला तर स्नायू आखडतो हे त्यांस डोळ्यांनी दिसत असे. पुढे लसीमुळे रोगच हटला; भारतातील पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला, आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. मुले गेली, त्यांच्या जागी गुडघे आणि माना आल्या. गुडघा व मान रोज थोडे थोडे दुखतात, एकदम पांगळे करीत नाहीत; म्हणूनच की काय, त्यांच्या बाबतीत ‘उद्या जाऊ’ म्हणणे फार सोपे जाते.

भाषेनेही येथे थोडा घात केला आहे. आपल्या घरांतून ‘आज शेक घ्यायला जायचे आहे’, ‘करंट लावून आले’ असे म्हणतात. व्यायाम शिकावयास जातो, असे कोणी म्हणत नाही. शेक घेणे म्हणजे आपण पडून राहावयाचे व यंत्राने काम करावयाचे. त्या शेकाने, विजेच्या सौम्य लहरींनी किंवा मेणाच्या ऊबेने दुखणे हलके होते हे खरे. पण ते हलके करण्याचा हेतू हा, की पुढचा व्यायाम सोसावा. रुग्णाची समजूत उलट असते. दुखणे गेले म्हणजे काम झाले, अशी खूणगाठ बांधून तो पाचव्या सिटिंगनंतर दिसेनासा होतो. बाई म्हणाल्या, “बरे न वाटल्यामुळे सोडणाऱ्यांपेक्षा बरे वाटल्यामुळे सोडणारेच माझ्याकडे जास्त.” हे ऐकून आम्हांस मौज वाटली आणि लाजही वाटली.

प्रत्येक दुखण्यास स्वतःचे पंचांग असते, असे म्हटले तरी चालेल. मनगटाचे प्लास्टर निघाले, की बोटे व सांधा मोकळा करण्यास पहिले काही आठवडे मोलाचे. कृत्रिम गुडघा बसविल्यावर पहिले सहा आठवडे असेच मोलाचे असतात. सपाट रस्त्यावर चालण्यास गुडघा साठ-सत्तर अंश वाकला तरी भागते, परंतु खुर्चीतून सहज उठण्यास व जिना उतरण्यास नव्वदाच्या आसपास किंवा वर जावे लागते. आणि उपनगरांतील आमच्यासारख्या विनालिफ्टच्या इमारतींतून जिना हा रोजचाच आहे. अर्धांगवायूत पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणेचा वेग सर्वांत अधिक असतो. ‘पितृपक्ष संपू दे, मग सुरू करू’ असे म्हणणाऱ्या घरांनी हे ध्यानात ठेवावे. पितरांस त्याचे वाईट वाटेल असे आम्हांस तरी दिसत नाही. उलट आखडलेला खांदा मोठा हट्टी. मधुमेह्यांस तो अधिक होतो, वर्ष वर्ष, कधी त्याहूनही अधिक रेंगाळतो, आणि त्यात घाईने काही साधत नाही. अशा रुग्णास रोज बोलावून वही भरणे सोपे आहे. पण घरी दिवसातून दोन-तीनदा करावयाचा व्यायाम शिकवून आठवड्याने बोलाविणे अधिक प्रामाणिक.

ह्या बाईंनी एके वर्षी पावसाळ्याच्या तीन महिन्यांत न आलेल्या प्रत्येक रुग्णास फोन करून, रागाने नव्हे तर विचारपूस म्हणून, कारण विचारले व ते वहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवले. त्यांची अपेक्षा होती की लोक फीविषयी कुरकुर करतील, किंवा समोरच्या रस्त्यावर निघालेल्या नव्या क्लिनिकचे नाव सांगतील. तसे फारसे कोणी म्हणाले नाही. कारणे होती ती सगळी घरातली.

‘न्यायला कोणी नव्हते’, हे पहिले कारण. वृद्ध माणूस एकटे जिना उतरू शकत नाही. मुलगा सकाळी आठला निघतो. सुनेस मुलांची शाळा, स्वयंपाक, आणि नळाला पाणी येण्याची वेळ. पाण्याची ही वेळ उपनगरांतील गृहिणीच्या दिवसाचा खरा मुहूर्त आहे, हे ज्यांनी इमारतीची टाकी भरण्याची वाट पाहिली आहे त्यांस सांगावयास नको. रिक्षावाले जवळचे भाडे घेत नाहीत, हे दुसरे गाऱ्हाणे. गुडघेदुखीच्या माणसास दोन गल्ल्या म्हणजे दोन कोस, आणि रिक्षावाल्यास त्या दोन गल्ल्या म्हणजे तोटा. अंधेरी व घाटकोपर ह्यांना जोडणारी वर्सोवा-घाटकोपर मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाल्यापासून नोकरदारांची मोठी सोय झाली, पण कुबडी घेतलेल्या आजींस स्टेशनापर्यंत पोहोचणे हेच कठीण. रविवारी नोकरदार रुग्णांस सवड असते, तर त्याच दिवशी रेल्वेचा मेगाब्लॉक असतो. मे महिन्यात सारे कोकणात. असो.

तिसरे कारण कोणी सरळ सांगितले नाही. बाईंनी ते शब्दांच्या आडून ओळखले. आणि आमच्या मातोश्रींनी ते आमच्या देखत सांगितले, तेव्हा आम्हांस खाली पाहावे लागले. बाईंनी विचारले, “आजी, तेव्हा का येणे थांबवलेत?” मातोश्री क्षणभर थांबून म्हणाल्या, “अगं, दर खेपेला थोरल्याला पाकीट उघडायला लावायचं. एकदा मागितलं, दोनदा मागितलं. पाचव्यांदा जीभ रेटेना.” दादांनी कधी नकार दिला नव्हता, कपाळाला आठीही घातली नव्हती. परंतु ज्या बाईने चाळीस वर्षे घराचा जमाखर्च स्वतःच्या हाताने लिहिला, तिला रोज पदर पसरल्यासारखे वाटत होते, हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षातच आले नाही. आमच्या सुशिक्षित एकत्र कुटुंबांत वडील माणसांचा मान राखतात. त्यांच्या हाती सुटे पैसे मात्र ठेवीत नाहीत.

ही मागची पाने वाचून झाल्यावर बाईंनी आपल्या व्यवहारात जे फेरफार केले ते वरकरणी अगदी लहान होते. फोनचा नंबर लिहून घेताना त्या आता ‘फी कोण देतो’ हे विचारीत नाहीत, ‘घेऊन कोण येते’ हे विचारतात व त्या व्यक्तीचा नंबर लिहितात. आठवण करण्याचा निरोप सकाळी न देता आदल्या संध्याकाळी आठच्या सुमारास देतात, कारण दुसऱ्या दिवशी कोणी काय करावयाचे हे आपल्या घरांतून रात्रीच्या पानावर ठरते. फी रोज न घेता पंधरा दिवसांनी एकदम, घरातील मिळवत्या माणसाकडे बिल पाठवून घेतात. आजींस तो आकडा ठाऊकही नसतो. दुपारी क्लिनिक बंद ठेवण्याची चाल मोडून त्यांनी अडीच ते साडेचार ही वेळ उघडली. पूर्वी ती वेळ मेलेलीच समजत. पण जेवणे आटोपली, मुले शाळेत, नळ बंद, अशा त्या दोन तासांत घरच्या बायकांस जितकी सवड असते तितकी दिवसभरात कधीच नसते.

आणि येथे एक नवीच गोष्ट निघाली. सासूला घेऊन आलेली सून बाकावर बसून मान चोळीत असे. बाईंनी एकदा सहज विचारले, तेव्हा कळले की तिची मान दीड वर्ष दुखत आहे. ‘माझं काय एवढं!’ म्हणून ती कोणास बोलली नव्हती. तेव्हापासून बाईंनी सासू-सुनांच्या वेळा जोडून देण्याची युक्ती काढली. एक शेकावर असताना दुसरी व्यायाम करते, आणि दोघींची एकच खेप होते. अशा जोडवेळा सहसा चुकत नाहीत. कारण एकीस आळस आला तर दुसरी तिला उठविते. आमच्या वहिनींनाही अशाच रीतीने प्रथम कोणी विचारले. घरात आम्ही तीन शिकलेली माणसे असून त्यांच्या कमरेचे दुखणे आम्हांस क्लिनिकच्या बाकावरून कळले.

अचानक रिकाम्या झालेल्या वेळेसाठी बाईंकडे आणखी एक यादी आहे. हाकेच्या अंतरावर राहणारी, निवृत्त, दहा मिनिटांत चप्पल घालून निघू शकणारी माणसे त्या यादीत असतात. कोणी न येण्याचे कळविले की त्यांतल्या एकास फोन जातो. पण ह्यासाठी न येणाऱ्याने कळविले पाहिजे. निदान दोन तास आधी. ‘सांगायला संकोच वाटला’ असे पुष्कळ लोक म्हणतात. हा संकोच आमच्या समाजात फार आहे, आणि तो सभ्यपणाचे सोंग घेऊन येतो. न सांगता न जाण्यापेक्षा एक ओळीचा निरोप अधिक सभ्य होय. बाई न कळविणाऱ्यास दंड लावीत नाहीत. अंधेरीकडे काही ठिकाणी तशी चाल असल्याचे ऐकतो व त्यात अन्याय आहे असेही आम्हांस वाटत नाही. परंतु शेजारधर्माच्या वस्तीत दंडाने माणूस नियमित होत नाही, तो दुसरीकडे जातो.

आतापर्यंतचे सर्व सरळ आहे. खरी अडचण पुढे आहे. वही भरलेली ठेवण्याचे मार्ग दोन. एक, जे आले पाहिजेत ते येतील असे करणे. आणि दुसरा, ज्यांस येण्याची आता गरज नाही त्यांस येत ठेवणे. दुसरा मार्ग पहिल्याहून पुष्कळ सोपा आहे. ‘अजून पाच घ्या, मग पाहू’ हे एक वाक्य पुरते. दुखण्यास भ्यालेले म्हातारे माणूस ते नाकारीत नाही, आणि घरची माणसेही, डॉक्टरीण बाई सांगतात तर असेल, म्हणून गप्प बसतात. बाईंनी स्वतः कबूल केले, की पहिल्या वर्षी भाड्याची तारीख जवळ आली की हे वाक्य त्यांच्याही तोंडी येत असे. त्याच वर्षी त्यांनी वीस सिटिंगांचे पैसे आगाऊ घेऊन काही सवलत देण्याची प्रथा ठेवली होती. त्याने लोक येत राहतात, ह्यात शंका नाही. पण बाराव्या सिटिंगला बरा झालेला एक रुग्ण उरलेली आठ ‘पैसे भरलेत म्हणून’ उरकू लागला, आणि त्या अर्ध्या अर्ध्या तासांत त्याला काय करावयास सांगावे हे त्यांस सुचेना. त्या आठ खेपा त्यांस फार बोचल्या. त्यांनी ती प्रथा मोडली. आगाऊ रक्कम घेणेच वाईट, असे आमचे मत नाही; मात्र बरे झाल्यावर उरलेले पैसे परत मिळतील हे आरंभीच लिहून मिळत असेल तेथेच ती भरावी.

दुसरा आडमार्ग म्हणजे डॉक्टरांस चिठ्ठीमागे हिस्सा देणे. ह्याला मुंबईत ‘कट’ असा शब्द आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनी डॉक्टरांस असे कमिशन घेण्यास मनाई केली आहे, व महाराष्ट्र सरकारने ही चाल थांबविण्यासाठी २०१७ मध्ये कायद्याचा मसुदाही करविला होता. ह्या हिश्शाचा भार अखेर रुग्णावर पडतो, हे उघड आहे. कारण जितका हिस्सा जावयाचा, तितकी सिटिंगे वाढावयाची. बाईंकडे एकदा असा निरोप आला होता. त्यांनी नम्रपणे नाही म्हटले आणि त्या बाजूने येणारे रुग्ण बंद झाले. त्या वर्षीचा मार्गशीर्ष कसा गेला ते त्यांनी आम्हांस सांगितले नाही. त्यांच्या यजमानांनी सांगितले, की घरी स्कूटर विकली गेली.

ह्या व्यवसायाच्या इतिहासात असा कसोटीचा प्रसंग पूर्वीही येऊन गेला आहे. १८९४ मध्ये लंडन येथे मर्दनोपचाराच्या नावाखाली भलतेच धंदे चालत असल्याचा बोभाटा झाला. तेव्हा चार परिचारिकांनी एकत्र येऊन आपल्या विद्येचे नाव स्वच्छ राखण्यासाठी एक मंडळ काढले, शिक्षणाची व परीक्षेची शिस्त घातली. १९२० मध्ये त्या संस्थेस राजाची सनद मिळाली व पुढे तीच तिकडील फिजिओथेरपीची प्रमुख संस्था झाली. रुग्ण कमी झाले तरी चालतील पण नाव जाऊ नये, असे त्या स्त्रियांनी ठरविले नसते, तर हा व्यवसाय कुलीन घरांत शिरला असता की नाही, ह्याची शंकाच आहे. आपल्याकडे महाराष्ट्रात ह्या व्यावसायिकांसाठी २००२ चा परिषदेचा कायदा आहे, व संबंधित आरोग्यव्यवसायांसाठी २०२१ चा केंद्रीय कायदाही झाला आहे. क्लिनिकच्या भिंतीवर नोंदणीचे प्रमाणपत्र टांगलेले आहे की नाही, हे पाहण्यास संकोच करू नये. आठ-पंधरा दिवसांच्या शिक्षणवर्गावर पाटी लावणारेही गल्लोगल्ली आहेत.

जाता जाता विम्याविषयी दोन शब्द, कारण त्याची माहिती पुष्कळ घरांत नसते. बहुतेक आरोग्यविमा इस्पितळात दाखल झालेल्या रुग्णापुरता असतो. नुसती मान दुखली म्हणून क्लिनिकमध्ये गेल्यास त्यातून काही मिळत नाही. परंतु शस्त्रक्रियेनंतर घरी आल्यावर साठ किंवा नव्वद दिवसांपर्यंतचा खर्च पुष्कळ विमापत्रांत धरलेला असतो, आणि डॉक्टरांची लेखी चिठ्ठी व रीतसर पावत्या असल्यास त्यात फिजिओथेरपीही बसू शकते. विमापत्र कपाटातून काढून एकदा वाचावे. आमच्या घरी ते मातोश्रींच्या अपघातानंतर सात महिन्यांनी वाचले गेले.

आता बाई पहिल्याच दिवशी तपासणीनंतर एका कार्डावर तीन गोष्टी लिहून देतात : काय साधावयाचे आहे, सुमारे किती खेपा लागतील, आणि कोणत्या खेपेस थांबावयाचे की पुढे जावयाचे ते ठरवावयाचे. ‘काय साधावयाचे’ हे त्या रुग्णाच्या तोंडून काढतात व त्याच्याच शब्दांत लिहितात. ‘केसांचा अंबाडा स्वतः घालता यावा’, ‘कट्ट्यावरच्या फळीवरचा डबा काढता यावा’, ‘नातीला कडेवर घेता यावे’. गुडघा बदललेल्या एका गृहस्थांनी ‘पाटावर मांडी घालून पूजा’ असे सांगितले, तेव्हा बाईंनी ते लिहिले नाही. त्या म्हणाल्या, “काका, ह्या गुडघ्याने जमिनीवर बसू नये असे तुमच्या डॉक्टरांनी सांगितले आहे. देव चौरंगावर घ्या, तुम्ही खुर्चीवर बसा. तेवढे आपण दीड महिन्यात साधू.” गृहस्थ दोन दिवस रुसले, तिसऱ्या दिवशी आले, आणि ठरलेल्या शेवटच्या खेपेपर्यंत एकही वेळ चुकले नाहीत. जे मिळणार नाही ते मिळेल असे सांगून त्यांस वर्षभर खेळविता आले असते.

ठरलेले साधले, की बाई रजा देतात. “आता येऊ नका, घरी करा, महिन्याने एकदा दाखवून जा, त्याची फी नाही,” असे सांगतात. प्रथम प्रथम त्यांस भय वाटे, की अशाने वही ओस पडेल. तशी ती दोन-तीन महिने पडलीही. पुढे जे लोक रजा घेऊन गेले होते, तेच आपल्या शेजाऱ्यांस, विहिणीस, भजनी मंडळातील मैत्रिणीस घेऊन येऊ लागले. ही माणसे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आलेल्यांपेक्षा नियमित निघाली. कारण येण्यापूर्वीच त्यांस कोणी सांगितलेले असे, की त्या बाई थांबवितात. आजही वही पूर्ण भरत नाही. पावसाची झड लागली, की सकाळच्या ओळी पुसल्या जातात. मे महिना पातळच जातो, व त्या महिन्यात बाई अंथरुणास खिळलेल्या रुग्णांकडे घरोघर जातात. पण न कळविता खोडलेल्या ओळी आता आठवड्यास दोन-तीनच असतात, असे त्या म्हणतात.

मातोश्रींस चैत्रात रजा मिळाली. दुसऱ्या दिवाळीस त्यांनी सोऱ्या हाती घेतला व अर्ध्या किलोच्या चकल्या पाडून मग तो खाली ठेवला. करंगळी अजून थोडी अखडते. मंगळवारी साडेतीनची त्यांची जी वेळ होती, तीवर आता खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकू जातात. जिन्यावरून उतरताना त्यांच्या हाताला धरावयास मातोश्रीच बरोबर असतात, आणि रिक्षा थांबवितातही त्याच.